कूलरआडचं वायफाय

नागपुरात वायफायलाही ऋतू असतात. पावसाळ्यापासून होळीपर्यंत आमच्या मागच्या खोलीत इंटरनेट गुण्यागोविंदाने नांदतं. होळी झाली, दुपारचे रस्ते ओस पडायला लागले, की घरोघरी कूलर बाहेर निघतात. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत ओरबाडून काढायचं, जाळीत नवं भरायचं, पंप बादलीत बुडवून त्यात अजून जीव आहे का ते पाहायचं, आणि मग दोघांनी मिळून ‘हळू, हळू, बोट सांभाळ’ करत ते धूड खिडकीला नेऊन लावायचं. त्या संध्याकाळी सगळं घर गार हवेत पाय पसरून बसतं आणि मागच्या खोलीतलं वायफाय जातं. ते परत येतं पाऊस लागल्यावर.

पुण्याचे एक स्नेही याला विदर्भी अतिशयोक्ती म्हणतात. त्यांच्याकडे कूलर म्हणजे कोपऱ्यात ठेवायचं प्लॅस्टिकचं चाकं लावलेलं खेळणं. नागपूरचा कूलर पत्र्याचा असतो, खिडकीचं माप देऊन करून घेतलेला असतो, घरातल्या चार माणसांच्या आंघोळीचं पाणी त्याच्या पोटात मावतं, आणि तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. नागपूरचे लोक मोठ्याने बोलतात अशी बाहेरगावच्या पाहुण्यांची तक्रार असते. त्यामागे कूलर आहे असं माझं मत आहे. तीन महिने पडलेली सवय उरलेल्या नऊ महिन्यांत कुठे जाणार?

आता या कूलरचा आणि वायफायचा संबंध काय, हे समजायला आमचं घर पाहावं लागेल. पश्चिम नागपुरातलं हे घर साठीच्या दशकातलं. त्या काळी उन्हाशी लढायचं एकच हत्यार ठाऊक होतं ते म्हणजे जाड भिंत. म्हणून भिंती दीड फुटाच्या. पुढे घर, मध्ये अंगण, आणि अंगणापलीकडे मागची खोली. तिथे आधी लाकडं होती, मग कॉलेजातले भाडेकरू होते, आता मी असतो, माझ्या मुद्रितशोधनाच्या गठ्ठ्यांसकट. राउटर बैठकीत टीव्हीच्या डोक्यावर. त्याची जागा आम्ही निवडलेली नाही; केबलवाल्याच्या ड्रिलला ज्या ठिकाणी भिंत वश झाली त्या ठिकाणी तो बसला.

राउटरमधून निघणाऱ्या लहरी मुख्यतः २.४ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे लांबीला जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. विटांच्या भिंतीतून त्या थोड्याफार पाझरतात. दीड फुटाच्या भिंतीत बऱ्याचशा आतच जिरतात. पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी आणखी आखूड आणि आणखी नाजूक. त्या तर अंगणातल्या तुळशीपर्यंतही धड पोचत नाहीत. पत्र्यावर लहर आपटली की मागे फिरते. पाणी तिला पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतं, त्यावरून पाण्याला नेमकी हीच लहर मानवते अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती खरी नाही. पाणी याच्या वरच्या-खालच्या कितीतरी लहरी तितक्याच आवडीने शोषतं. तर आमच्या घरात या लहरींना मागच्या खोलीत शिरायला एकच वाट होती ती खिडकीची, आणि त्याच खिडकीत आम्ही दर उन्हाळ्यात पत्रा, ओलं गवत आणि शंभरेक लिटर पाणी नेऊन ठेवायचो.

हे ज्या गावात घडतं त्या गावाचा बिनतारी इतिहास मात्र मोठा आहे. आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल १८ मे १९८८ रोजी सुरू झालं ते नागपूरच्या प्रक्षेपकावरून. देशाच्या मध्यावरचं गाव म्हणून मान आपल्याला. १००० किलोवॅटचा प्रक्षेपक, १५६६ किलोहर्ट्‌झ, आणि एकेक लहर १९० मीटरहून लांब. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी गिळतो; सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. म्हणून ते चॅनल रात्रीचं होतं. नागपूरहून निघालेला आवाज ट्रक ड्रायव्हरांना, रखवालदारांना, झोप न येणाऱ्यांना देशभर कुठेकुठे ऐकू जायचा. ते चॅनल आता बंद झालंय. आमच्या राउटरची ताकद साधारण ०.१ वॅट. म्हणजे त्या प्रक्षेपकाच्या एक कोटीव्या भागाइतकी. एवढ्याशा जिवाने अंगण ओलांडून कूलरमधून वाट काढावी ही अपेक्षाच क्रूर होती.

लॅपटॉप होता तोवर मी हा प्रश्न पायांनी सोडवत असे; उन्हाळ्यात मांडीवरचं काम उचलून पुढच्या घरात जायचं. मग डोळ्यांसाठी मोठ्या पडद्याचा डेस्कटॉप घेतला, जुळवून घेतलेला, भक्कम, आणि वायफाय नावाचं इंद्रियच नसलेला. अंगणातून तार ओढावी तर आईचा विरोध. त्या अंगणात आधीच कपड्यांच्या दोऱ्या, डिशची केबल आणि कृष्णकमळाचा वेल आहे. कूलर दुसऱ्या खिडकीत हलवावा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. आई म्हणाली, “इंटरनेटपायी कूलर हलवशील तं मीच हलते इथून.” विषय संपला. उरला वायफाय अडॅप्टर.

तो आणायला बर्डीच्या बाजारात गेलो. एप्रिलची दुपार होती, तोंडाला रुमाल बांधलेला. दुकानातल्या मुलाने न पाहताच मागच्या फळीवरून एक पुडकं काढून काचेवर ठेवलं.

“हे घेऊन जा काका. लावलं की चालून जाते.”

“ड्रायव्हर?”

“सीडी आहे न आतमधे.”

“माझ्या कॉम्प्युटरला सीडी लावायची सोय नाही.”

“आता कोणाच्याच नसते जी.”

“मग सीडी कशाला देतात?”

“कंपनी देते. आपण कायले काढून घ्यायची?”

या तर्काला उत्तर नव्हतं. चारशे-पाचशे रुपयांत मी घरी आणलं ते एक नखाहून जरा मोठं काळं बोंडूक, सोबत तळहाताएवढी सीडी, आणि मुंगीच्या अक्षरांत वीसेक भाषांतल्या सूचना. त्या भाषांत मराठी नव्हती, हे मुद्रितशोधक म्हणून मी तपासलंच. पुडक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ६०० लिहिलं होतं. हा वेगाचा आकडा कुठून येतो ते कळलं तेव्हा मजा वाटली. २.४च्या पट्ट्यावर १५०, पाचच्या पट्ट्यावर ४३३. ही काडी एका वेळी दोहोंपैकी एकच पट्टा वापरू शकते; पण पुडक्यावर दोन्हींची बेरीज छापतात. बेरीज येते ५८३. वरचे १७ कंपनीने हौसेने घातले. आणि या सगळ्या प्रयोगशाळेतल्या गोष्टी. मे महिन्यातल्या नागपुरातल्या नाहीत.

एवढंसं ते बोंडूक हातात घेऊन मी जरा वेळ बसलो, कारण त्याच्याबद्दल एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही: ते नुसतं ऐकत नाही, बोलतंही. तो रेडिओ आहे आणि रेडिओ स्टेशनही आहे. आमच्या लहानपणी बाबांच्या वॉल्व्हच्या रेडिओला लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, त्या छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. १९३३चा कायदा होता. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. बाबांचा रेडिओ एक अक्षर उच्चारू शकत नव्हता, तरी त्याची ही सरबराई. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. आणि आता मी खिशातून एक प्रक्षेपक आणला होता, आणि दुकानदाराने त्याबद्दल मला विचारलं काय, तर पिशवी पाहिजे का.

लावल्यावर ते ‘चालून’ गेलं नाही. कॉम्प्युटरने आधी जाहीर केलं की आपल्याला नवीन सीडी ड्राइव्ह मिळाला आहे. हे या काड्यांचं एक नाटक असतं. ड्रायव्हरची फाइल त्यांच्या पोटातच साठवलेली असते, म्हणून आधी त्या सीडीचं सोंग घेऊन येतात. ड्रायव्हर एकदा चढला की सोंग उतरवून अडॅप्टर होतात. म्हणजे पुडक्यातली सीडी खरोखरच शोभेची होती. पण पोटातला ड्रायव्हर जुन्या विंडोजचा निघाला, आणि सोंग उतरलं तरी डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्‌गारचिन्ह. मुद्रितशोधनात आयुष्य काढलेल्या माणसाला उद्‌गारचिन्हाचा राग येतोच, पण इतका नेमका कधी आला नव्हता.

नवा ड्रायव्हर इंटरनेटवर होता आणि इंटरनेट ड्रायव्हरपलीकडे. अशा वेळी घरोघरी एक भाचा असतो. आमचा हिंजवडीला असतो. त्याला फोन लावला.

“मामा, मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग ऑन करा. फोनच इंटरनेट देईल.”

“म्हणजे वायफाय चालू करायला आधी तार लावायची?”

“फक्त दहा मिनिटं, मामा.”

त्याच्या आवाजातली ती समजूत काढायची लय मी ओळखली. लहानपणी त्याला लस टोचताना मी हीच लय वापरली होती.

ड्रायव्हर चढला, त्रिकोण गेला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या काड्या उगवल्या. पण इंटरनेट नाही. पाहिलं तर कॉम्प्युटरने पत्ता घेतला होता १६९.२५४ने सुरू होणारा. एरवी घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर पत्ता वाटतो, आमच्याकडे तो १९२.१६८ने सुरू होतो. राउटरकडून काहीच उत्तर आलं नाही की विंडोज हताश होत नाही, १६९.२५४च्या खात्यातला एक पत्ता स्वतःच स्वतःला देऊन टाकतं आणि आपण राहत असल्याची खात्री बाळगून बसतं. त्या पत्त्यावर पत्र येत नाही आणि तिथून जातही नाही. मला त्या यंत्राबद्दल एकदम माया वाटली. कोणी विचारलं नाही तरी त्याने राहायची सोय केली होती.

काड्या दोन होत्या, कधी तीन. त्यांच्यावर किती विसंबायचं हा वेगळा प्रश्न. यंत्र आकडा दाखवतं म्हणून तो खरा मानायचा, याची किंमत नागपूरने एकदा मोजलेली आहे. २०२४च्या मेअखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस नोंदवलं आणि तासाभरात ते चित्र देशभर फिरलं. नातेवाइकांचे फोन, ‘जिवंत आहात ना?’ मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमचा खरा उच्चांक २३ मे २०१३चा, ४७.९. गंमत अशी की ५६ खोटं ठरल्यावर गावात थोडी निराशाच पसरली. इतकं सोसल्यावर निदान विक्रम तरी पदरात पडायला हवा होता.

राउटरकडून उत्तर न येण्याचं कारण कॉम्प्युटरच्या पाठीमागे होतं. मी काडी मागच्या निळ्या यूएसबी भोकात खोचली होती. म्हणजे टेबलाखाली, पत्र्याच्या कॅबिनेटच्या पाठीशी, भिंतीला चिकटून. आणि तिच्या शेजारच्या निळ्या भोकात बाहेरची हार्ड डिस्क. हे निळे, वेगवान यूएसबी ३ चालू असताना नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मोजमापांसकट लिहून ठेवलंय. इलाजही त्यातच आहे: काडी लांब न्या. मग तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली आणि काडी कुठवर जाते ते पाहत खोलीभर फिरलो. टेबलावर दोन काड्या. कपाटावर दोन. दारात तीन, पण दार उघडं ठेवलं तर लू आत. शेवटी मान वर गेली.

जुन्या घरांत छताजवळ झरोका असतो, हे नव्या फ्लॅटवाल्यांना सांगावं लागतं. आडव्या सळ्यांचा, दोरीने उघडायचा, चिमण्यांनी आपल्या नावावर करून घेतलेला. हिवाळ्यात आम्ही तो बंद ठेवतो. उन्हाळ्यात मात्र तो उघडावाच लागतो, कारण कूलरचं गणित हवेच्या ये-जा करण्यावर आहे: जेवढी ओली गार हवा आत येते तेवढीच कुठूनतरी बाहेर जायला हवी, नाहीतर खोली गार होत नाही, नुसती चिकचिकते. आमच्या मागच्या खोलीत ती हवा झरोक्यातून अंगणावर निघते. स्टुलावर चढून, चिमण्यांचं गवत बाजूला सारून मी काडी सळीला दोऱ्याने बांधली. खाली आलो. चार काड्या. राउटरने १९२.१६८चा पत्ता दिला. ज्या भोकातून कूलरची हवा बाहेर पडत होती त्याच भोकातून इंटरनेट आत येत होतं, कूलरच्या डोक्यावरून, त्याला कळूही न देता. आईला हे दाखवलं तर ती म्हणाली, “चिमण्यांचं घरटं मोडलं नाही ना?” मोडलं नव्हतं.

त्याआधी पासवर्ड टाकताना एक कळलं होतं. आमचा पासवर्ड म्हणजे आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर, एमएच ३१ने सुरू होणारा. आणि गल्लीत ज्यांनी ज्यांनी कधी मला आपला पासवर्ड सांगितलाय, त्यातल्या निम्म्यांचे एमएच ३१नेच सुरू होतात. पूर्व नागपुरात ते एमएच ४९ने सुरू होत असावेत. चोराने यावरून काय ते समजावं. पुढे विंडोजने विचारलं, हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक. या कॉम्प्युटरला आजूबाजूच्यांनी पाहिलेलं चालेल का? ज्या घरात बेल न वाजवता मागच्या दाराने लोक येतात आणि फ्रिज उघडतात, त्या घरात हा प्रश्न फारच भिडस्त वाटला. खासगी म्हटलं.

मग आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी पाहिली. दुपारचे तीन वाजलेले, गल्लीत चिटपाखरू नाही, सगळी दारं बंद, आणि पडद्यावर अख्खी गल्ली जागी: ‘जय गजानन’, ‘बाबांना विचारा’, ‘झणझणीत’, ‘पोलीस व्हॅन ४’, ‘दुसरा मजला’, ‘फुकट्यांनो वाचा’. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतो, कोणी ऐको न ऐको. तोंडावर रुमाल बांधून एकमेकांना न ओळखता जाणारी माणसं हवेत इतकी बोलकी असतील असं वाटलं नव्हतं. ‘पोलीस व्हॅन’ कोणाची ते मला माहीत आहे. ते गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल आहेत.

एवढे लोक एका पट्ट्यात मावतात कसे, याची कथा २.४च्या जन्मातच आहे. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ लहरींची जागतिक वाटणी झाली, तेव्हा काही तुकडे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या यंत्रांसाठी सोडले गेले. भट्ट्या, शेकण्याची यंत्रं, पुढे ओव्हन. तिथे गोंगाट असणारच, म्हणून संदेशवहनाला ती जमीन नको होती. गावाचं गायरानच ते. १९८५ मध्ये अमेरिकेने ठरवलं की गोंगाट सोसून कोणी परवान्याशिवाय बोलत असेल तर खुशाल बोलो. त्यातून १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, १९९९ मध्ये वायफाय हे नाव. भारताने घरादारातल्या वापरासाठी हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त केला. गायरानात आता सगळ्यांची गुरं आहेत, आणि शेजारच्या कोणाचा तरी मायक्रोवेव्ह त्यांच्यातून सांडासारखा अधूनमधून फिरून जातो.

तरी चालतं, याचं कारण या यंत्रांची शिस्त. बोलण्याआधी प्रत्येक अडॅप्टर ऐकतो. कोणी बोलत असेल तर थांबतो. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एक आकडा धरून तेवढे क्षण मोजतो, म्हणजे थांबलेले सगळे एकदम बोलायला लागू नयेत. बोलून झालं की समोरच्याची पोच येईपर्यंत थांबतो. पोच आली नाही तर समजतो की टक्कर झाली असावी. मग आधीच्या दुप्पट आकड्यांतून एक निवडतो, म्हणजे जास्त थांबतो, आणि तेच पुन्हा, न चिडता, सांगतो. हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांत. सकाळी तर्री पोह्याच्या गाडीवर आठ माणसं एकाच वेळी आठ विषयांवर बोलत असतात आणि आठांनाही आपलं ऐकलं गेल्याची खात्री असते. तिथे हे मानक लागू करायचं म्हटलं तर पोहे थंड होतील.

पण शिस्त पाळायला एकमेकांचं बोलणं कळावं लागतं, आणि आमची अडचण तिथे होती. चार काड्या असूनही संध्याकाळी सातनंतर वेग बसायचा. मोबाइलवरच्या एका ॲपने चित्र काढून दाखवलं. या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्‌झच्या अंतरावर आखलेले आणि प्रत्येकाचं बोलणं वीस मेगाहर्ट्‌झ रुंद. त्यामुळे एक, सहा आणि अकरा एवढेच खऱ्या अर्थाने एकमेकांपासून सुटे. एकाच चॅनलवरचे दहा राउटर एकमेकांचं बोलणं ओळखून पाळी धरतात. मधल्याच चॅनलवरचा मात्र दोन्हीकडे अर्धवट ऐकू जातो. त्याचे शब्द कळत नाहीत, नुसती खरखर होते. आमचा सहावर. आणि कुंपणापलीकडे, तीनवर, धिप्पाड आवाजात एकजण होता. तो शेजारच्या काकाजींचा.

गेलो. काकाजी ओसरीवर खाट टाकून, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते.

“काकाजी, तुमचं चॅनल जरा बदलायचं होतं.”

“आमच्याकडे बातम्याच लागते दिवसभर. आवाज येते का तिकडे?”

“टीव्हीचं नाही. वायफायचं.”

“त्यालेबी चॅनल रायते?” ते खाटेवर सरळ बसले. “कितीवर हाय आमचं?”

“तीनवर.”

“तरीच!” काकाजी म्हणाले. “तीन तिगाडा, काम बिगाडा. बिल भरून राहिलो, अन् पोराचा व्हिडिओ अटकते. कितीवर टाकाचं?”

“अकरावर टाकू. अकरा मोकळा आहे.”

“अकरा शुभ असते,” काकाजींनी मान्यता दिली.

राउटरखाली चिकटवलेल्या कागदावरून त्यात शिरलो, तीनचा अकरा केला, आणि दोन्ही घरांची खरखर गेली. त्या रात्री काकाजींच्या मुलाचा व्हिडिओ अटकला नाही. सकाळी त्यांनी आमच्याकडे मडकंभर ताक पाठवलं. इथवर सगळं छान होतं. पण काकाजी रोज पहाटे बागेत फिरायला जातात, आणि एखादी चांगली गोष्ट स्वतःपुरती ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी गजाननवाल्यांना सांगितलं. गजाननवाल्यांनी दुसऱ्या मजल्याला. ग्रंथपालांनी तर घरोघरी जाऊन स्वतः बदलून दिलं. मेच्या शेवटी मी ॲप उघडलं तेव्हा अख्खी गल्ली अकरावर उभी होती, खांद्याला खांदा लावून, आपापली पाळी यायची वाट पाहत. एकवर कोणी नव्हतं. सहावर फक्त आम्ही.

बायको म्हणाली, सांगायला हवं त्यांना. मी म्हटलं, सांगू. कसं सांगायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात कुंपणावरून काकाजींनीच हाक मारली.

“भाऊ, पोराचा व्हिडिओ पुन्हा अटकून राहिला जी. सगळ्यायनं टाकलं अकरावर, मी पाहून आलो. तुमचंच तेवढं सहावर दिसते.”

“हो, काकाजी, त्याचं काय आहे...”

“मंग तेच म्हणतो न मी. थांबा, चप्पल घालतो अन् येतो. टाकून देतो तुमचंबी.”